कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या इंजेक्शनांचे दुष्परिणाम

कोलेस्टेरॉल कमी करणारी इंजेक्शने ही रक्तातील कमी घनतेच्या मेदप्रथिनांचे, म्हणजेच एलडीएल कोलेस्टेरॉलचे प्रमाण घटवण्यासाठी मुख्यतः त्वचेखाली टोचून दिली जाणारी औषधे आहेत. इवोलोक्युमॅब, ॲलिरोक्युमॅब आणि इन्क्लिसिरान ही या गटातील प्रमुख औषधे होत. स्टॅटिन गटातील गोळ्या पुरेशा प्रमाणात घेऊनही ज्यांचे एलडीएल अपेक्षित पातळीपर्यंत उतरत नाही, ज्यांना स्टॅटिन सोसत नाही किंवा ज्यांना आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलता आहे, अशा रुग्णांसाठी ती वापरली जातात. टोचल्याच्या जागी होणारी सौम्य दाहक्रिया हा या औषधांचा सर्वाधिक आढळणारा निश्चित दुष्परिणाम आहे. गंभीर ॲलर्जी क्वचित होते. स्मृतिभ्रंश, मधुमेह व मेंदूतील रक्तस्राव यांविषयी आरंभी व्यक्त झालेल्या शंकांना मोठ्या चिकित्सालयीन चाचण्यांमध्ये आधार मिळाला नाही.

## पार्श्वभूमी

रक्तातील एलडीएल कण यकृताच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहींमार्फत शोषले जातात. या ग्राहींच्या शोधाबद्दल मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एक ग्राही एलडीएलचा कण पेशीच्या आत पोहोचवतो आणि पुन्हा पृष्ठभागावर येतो. पीसीएसके९ नावाचे प्रथिन या ग्राहीला चिकटले, तर तो परत न येता पेशीतच नष्ट होतो. परिणामी ग्राहींची संख्या घटते व रक्तातील एलडीएल वाढते.

पीसीएसके९ चे महत्त्व २००३ मध्ये स्पष्ट झाले. फ्रान्समधील काही कुटुंबांत या प्रथिनाची क्रिया वाढवणारी जनुकीय उत्परिवर्तने आढळली. त्या कुटुंबांत कोलेस्टेरॉल अतिशय जास्त होते. त्यानंतर अमेरिकेतील डॅलस येथे हेलन हॉब्ज व जोनाथन कोहेन यांनी उलट प्रकारची उत्परिवर्तने शोधली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, पीसीएसके९ ची क्रिया जन्मतः कमी असलेल्या कृष्णवर्णीय व्यक्तींमध्ये एलडीएल सुमारे २८ टक्क्यांनी आणि हृदयधमनीविकाराचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी होते. हे प्रथिन जवळजवळ नसलेल्या व ज्यांचे एलडीएल १५ मिग्रॅ प्रति डेसीलिटरच्याही खाली होते अशा निरोगी प्रौढ व्यक्तींचीही नोंद झाली. पीसीएसके९ रोखल्याने शरीराला मोठी हानी होणार नाही, या अनुमानाला त्यामुळे बळ मिळाले आणि त्यावर आधारित औषधांचा विकास सुरू झाला.

## औषधांचे प्रकार

इवोलोक्युमॅब व ॲलिरोक्युमॅब ही एककृंतक प्रतिपिंडे आहेत. ती रक्तातील पीसीएसके९ ला पकडून निष्क्रिय करतात. दोन्ही औषधांना २०१५ मध्ये युरोप व अमेरिकेत मान्यता मिळाली; त्यांची व्यापारी नावे अनुक्रमे रिपाथा व प्रॅल्युएंट अशी आहेत. इवोलोक्युमॅब दर दोन आठवड्यांनी १४० मिग्रॅ किंवा महिन्यातून एकदा ४२० मिग्रॅ या मात्रेत दिले जाते. ॲलिरोक्युमॅबची मात्रा दर दोन आठवड्यांनी ७५ किंवा १५० मिग्रॅ, किंवा महिन्यातून एकदा ३०० मिग्रॅ असते.

इन्क्लिसिरान हे वेगळ्या प्रकारचे औषध आहे. ते यकृताच्या पेशीत जाऊन पीसीएसके९ तयार करण्याचा संदेश वाहणारा आरएनए नष्ट करते. पहिल्या मात्रेनंतर तीन महिन्यांनी दुसरी आणि पुढे दर सहा महिन्यांनी एक मात्रा दिली जाते. युरोपात डिसेंबर २०२० मध्ये व अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

ही सर्व औषधे एलडीएल साधारणतः ५० ते ६० टक्क्यांनी कमी करतात. इवोलोक्युमॅब व इन्क्लिसिरान भारतातही उपलब्ध आहेत.

## सर्वसामान्य दुष्परिणाम

### टोचल्याच्या जागी होणारी प्रतिक्रिया

इंजेक्शन पोट, मांडी किंवा दंडाच्या त्वचेखाली दिले जाते. त्या जागी लाली, खाज, सूज, वेदना किंवा काळेनिळे पडणे या तक्रारी उद्भवू शकतात. त्या बहुधा सौम्य असतात व काही दिवसांत आपोआप बऱ्या होतात.

मोठ्या चाचण्यांतील आकडे पाहता, औषध घेणारा गट व प्लासिबो, म्हणजे औषधी घटक नसलेले इंजेक्शन घेणारा गट यांतील फरक थोडा पण स्पष्ट आहे. २७,५६४ रुग्णांचा समावेश असलेल्या फुरियर चाचणीत (२०१७) इवोलोक्युमॅब घेणाऱ्या २.१ टक्के व प्लासिबो घेणाऱ्या १.६ टक्के रुग्णांना अशी प्रतिक्रिया आली. १८,९२४ रुग्णांच्या ओडिसी आउटकम्स चाचणीत (२०१८) ॲलिरोक्युमॅबसाठी हे प्रमाण ३.८ टक्के व प्लासिबोसाठी २.१ टक्के होते. इन्क्लिसिरानच्या ओरायन-१० चाचणीत २.६ विरुद्ध ०.९ टक्के आणि ओरायन-११ चाचणीत ४.७ विरुद्ध ०.५ टक्के रुग्णांत ही तक्रार आढळली. या दोन्ही चाचण्यांचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

दर वेळी टोचण्याची जागा बदलणे, जखम, व्रण किंवा पुरळ असलेली त्वचा टाळणे, आणि शीतकपाटातून काढलेले इंजेक्शन सुमारे अर्धा तास बाहेर ठेवून मगच टोचणे, या उपायांनी त्रास कमी होतो. इंजेक्शन गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवून तापवणे अयोग्य आहे.

### श्वसनमार्गाच्या तक्रारी व अंगदुखी

सर्दी, घसादुखी, फ्लूसारखी लक्षणे आणि पाठदुखी यांची नोंद प्रतिपिंड औषधांच्या माहितीपत्रकांत आहे. इवोलोक्युमॅबच्या ५२ आठवड्यांच्या एका चाचणीत सर्दी व घशाचा दाह औषध गटात १०.५ टक्के, तर प्लासिबो गटात ९.६ टक्के रुग्णांना झाला. पाठदुखीचे प्रमाण ६.२ विरुद्ध ५.६ टक्के होते. इन्क्लिसिरानच्या बाबतीत सांधेदुखी व श्वासनलिकादाह यांचा उल्लेख केला जातो. या तक्रारी वर्षभरात कोणालाही होऊ शकतात. त्यामुळे एखाद्या रुग्णाला झालेली सर्दी औषधामुळेच झाली, असे ठरवता येत नाही. औषधाचा वाटा दोन गटांतील फरकाएवढाच मानला जातो.

## स्नायुदुखी आणि नोसिबो परिणाम

अनेक रुग्ण स्नायुदुखीमुळे स्टॅटिन सोडून इंजेक्शनांकडे वळतात. त्यामुळे इंजेक्शनांनीही स्नायू दुखतात काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. फुरियर चाचणीत स्नायुदुखीचे प्रमाण औषध गटात ५.० टक्के व प्लासिबो गटात ४.८ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते.

गॉस-३ (२०१६) या चाचणीत स्टॅटिन न सोसणाऱ्या ५११ रुग्णांना कोणती गोळी चालू आहे हे न सांगता आळीपाळीने ॲटोरव्हास्टॅटिन व प्लासिबो देण्यात आले. सुमारे ४३ टक्के रुग्णांना फक्त ॲटोरव्हास्टॅटिनवर स्नायूंचा त्रास झाला. मात्र सुमारे २७ टक्के रुग्णांना तो फक्त प्लासिबोवर झाला. पुढच्या टप्प्यात इवोलोक्युमॅब घेणाऱ्यांपैकी २०.७ टक्के व इझेटिमाइबच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी २८.८ टक्के रुग्णांनी स्नायूंच्या तक्रारी सांगितल्या.

औषधापासून अपाय होईल या अपेक्षेनेच प्रत्यक्ष त्रास जाणवणे, याला नोसिबो परिणाम म्हणतात. हा त्रास काल्पनिक नसतो. रुग्णाला वेदना खरोखर होतात, परंतु त्यांचे कारण औषधाचा रासायनिक घटक नसतो. ब्रिटनमधील सॅमसन चाचणीत (२०२०) स्टॅटिन सोडलेल्या ६० रुग्णांचा अभ्यास झाला. स्टॅटिनवर असताना जाणवलेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास प्लासिबोवर असतानाही जाणवला होता. गोळीची धास्ती घेतलेल्या रुग्णाने इंजेक्शनाबाबतही तीच धास्ती बाळगली, तर उपयुक्त उपचार दुसऱ्यांदा सुटण्याचा संभव असतो.

## गंभीर परंतु क्वचित होणारे दुष्परिणाम

अंगावर पित्त उठणे, तीव्र खाज व पुरळ या ॲलर्जीच्या प्रतिक्रिया काही रुग्णांत दिसतात. ओठ, जीभ, चेहरा किंवा घसा यांना सूज येणे हा त्याचा गंभीर प्रकार असून तो क्वचित आढळतो. ॲलिरोक्युमॅबच्या बाबतीत रक्तवाहिनीदाहाचीही नोंद आहे. श्वास घेण्यास त्रास, चेहऱ्यावर सूज, छातीत जखडल्यासारखे वाटणे किंवा भोवळ ही लक्षणे दिसल्यास तातडीच्या उपचारांची गरज असते. महाराष्ट्रात अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. एकदा गंभीर ॲलर्जी झालेल्या रुग्णाला तेच औषध पुन्हा दिले जात नाही. इवोलोक्युमॅबच्या काही इंजेक्शनांच्या सुईच्या टोपणात नैसर्गिक रबर वापरलेले असते. रबराची ॲलर्जी असलेल्यांनी ते आधी डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते.

औषधाचा अंमल किती काळ टिकतो, हे दुष्परिणाम हाताळताना महत्त्वाचे ठरते. प्रतिपिंड औषधे थांबवल्यावर त्यांचा प्रभाव काही आठवड्यांत ओसरतो. इन्क्लिसिरान रक्तातून लवकर नाहीसे होत असले, तरी यकृतातील त्याची क्रिया अनेक महिने चालते. एकदा दिलेली मात्रा मागे घेता येत नाही.

## वादग्रस्त व न सिद्ध झालेले दुष्परिणाम

### स्मरणशक्ती

आरंभीच्या लहान चाचण्यांत विसराळूपणा व गोंधळल्याच्या काही तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. मेंदूला कोलेस्टेरॉलची गरज असते. परंतु तो ते स्वतः तयार करतो, आणि प्रतिपिंडांचे मोठे रेणू रक्त व मेंदू यांमधील अडथळा सहसा ओलांडत नाहीत. एबिंगहॉस (२०१७) या उपअभ्यासात रुग्णांच्या स्मरणशक्तीची व निर्णयक्षमतेची संगणकीय चाचण्यांद्वारे मोजणी झाली. इवोलोक्युमॅब व प्लासिबो गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही.

### मधुमेह

स्टॅटिनमुळे मधुमेहाची शक्यता किंचित वाढते. पीसीएसके९ ची क्रिया जन्मतः कमी असणाऱ्यांच्या जनुकीय अभ्यासांतही असाच संबंध सूचित झाला होता. तथापि फुरियर चाचणीत नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ८.१ विरुद्ध ७.७ टक्के होते व हा फरक सांख्यिकीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता.

### अतिशय कमी एलडीएल

या औषधांनी काही रुग्णांचे एलडीएल २० मिग्रॅ प्रति डेसीलिटरच्याही खाली जाते. फुरियर चाचणीत १० मिग्रॅपेक्षा कमी पातळी गाठलेल्या ५०४ रुग्णांचा स्वतंत्र अभ्यास झाला; त्यांच्यात गंभीर दुष्परिणाम वाढल्याचे दिसले नाही. चाचणीच्या विस्तारित टप्प्यात ६,६३५ रुग्णांवर पुढे लक्ष ठेवण्यात आले. काहींचा एकूण औषधकाळ आठ वर्षांहून अधिक होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत कर्करोग, मेंदूतील रक्तस्राव किंवा स्मृतिदोष यांत वाढ आढळली नाही.

फुरियर चाचणीतील सुमारे ८५ टक्के सहभागी श्वेतवर्णीय होते. त्यामुळे भारतीय रुग्णांतील अनुभवाची पद्धतशीर नोंद होणे विशेष महत्त्वाचे मानले जाते.

## मागे पडलेली औषधे

या गटातील प्रत्येक औषध सुरक्षित ठरले असे नाही. बोकोसिझुमॅब या प्रतिपिंडात उंदरापासून घेतलेला अल्प अंश शिल्लक होता. ते घेणाऱ्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या शरीरात औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार झाली. त्यामुळे अनेकांत परिणाम ओसरला. टोचल्याच्या जागी प्रतिक्रिया येण्याचे प्रमाणही सुमारे १० टक्क्यांवर होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये फायझर कंपनीने या औषधाचा विकास थांबवला. पूर्णतः मानवी रचना असलेल्या इवोलोक्युमॅबविरुद्ध अशी प्रतिपिंडे फुरियर चाचणीत केवळ ०.३ टक्के रुग्णांत आढळली.

दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलेल्या तीव्र आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलतेसाठी मिपोमर्सेन या इंजेक्शनाला अमेरिकेत जानेवारी २०१३ मध्ये मान्यता मिळाली होती. टोचल्याच्या जागी प्रतिक्रिया बहुसंख्य रुग्णांत येत असे. यकृतात मेद साठणे व यकृतातील विकरांची पातळी वाढणे या धोक्यांमुळे त्यावर सर्वांत कडक इशारा छापलेला होता. युरोपने मान्यता नाकारली आणि कालांतराने ते अमेरिकी बाजारातूनही हटवले गेले. याच आजारासाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या इविनाक्युमॅब या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते देताना क्वचित तीव्र ॲलर्जी होऊ शकते, म्हणून ते वैद्यकीय देखरेखीखाली दिले जाते.

## विशेष परिस्थिती

गर्भवती व स्तनदा मातांमधील वापराची माहिती अपुरी असल्याने या काळात ही औषधे सामान्यतः टाळली जातात. गर्भधारणेचे नियोजन करणाऱ्या स्त्रियांनी त्याबाबत आधीच डॉक्टरांशी चर्चा करणे इष्ट ठरते.

दुष्परिणामाच्या भीतीने उपचार परस्पर थांबवणे हाही एक धोका आहे. प्रतिपिंड औषधे बंद केल्यावर एलडीएल काही आठवड्यांत मूळ पातळीवर परतते. रुग्णाला यामुळे तत्काळ काहीही जाणवत नाही. मात्र हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यापूर्वी झालेला असल्यास तो पुन्हा येण्याचा धोका वाढतो. फुरियर चाचणीत सुमारे सव्वादोन वर्षांत हृदयरोगाशी संबंधित प्रमुख घटना प्लासिबो गटातील ११.३ टक्के, तर इवोलोक्युमॅब गटातील ९.८ टक्के रुग्णांत घडल्या. इंजेक्शन सुरू झाले म्हणून स्टॅटिनच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करणेही योग्य नसते.

## अहिल्यानगर जिल्ह्यातील संदर्भ

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. २०२४ पर्यंत तो अहमदनगर या नावाने ओळखला जात असे. जिल्ह्यात चौदा तालुके असून पश्चिमेला सह्याद्रीतील अकोले, तर आग्नेयेला जामखेड आहे. राहाता तालुक्यातील लोणी येथे प्रवरा ग्रामीण रुग्णालय व त्याच्याशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालय आहे. अहिल्यानगर शहराजवळ विळद घाट येथेही वैद्यकीय महाविद्यालय आहे. विशेष उपचारांसाठी जिल्ह्यातील रुग्ण पुणे, नाशिक व छत्रपती संभाजीनगर येथेही जातात.

अशा विस्तृत ग्रामीण जिल्ह्यात या इंजेक्शनांच्या वापराला काही व्यावहारिक मर्यादा येतात. पहिली मर्यादा साठवणुकीची आहे. प्रतिपिंड औषधे २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागतात. शीतकपाटाबाहेर ती २५ अंशांपर्यंतच्या तापमानात जास्तीत जास्त ३० दिवस टिकतात. जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, त्यामुळे घरातील सर्वसाधारण तापमान या मर्यादेत बसत नाही. शहरातील औषधदुकानातून गावापर्यंतचा प्रवास बर्फाच्या डब्यातून करावा लागतो. परंतु औषध बर्फाला थेट लागून गोठल्यास तेही निरुपयोगी ठरते. वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाल्यास घरच्या शीतकपाटाचाही भरवसा राहत नाही. गढूळ झालेले, रंग बदललेले किंवा कण दिसणारे इंजेक्शन वापरले जात नाही. इन्क्लिसिरानला शीतकपाटाची गरज नसते व ते वर्षातून दोनदाच, आरोग्य कर्मचाऱ्यामार्फत दिले जाते.

दुसरी मर्यादा पाठपुराव्याची आहे. इंजेक्शन पुण्यात घेतलेले असते आणि अंगावर पित्त उठते ते गावी परतल्यावर. सहा महिन्यांतून एकदा घेतलेल्या औषधाचा उल्लेख स्थानिक डॉक्टरांपुढे करायचा राहून गेल्यास कारण सापडणे अवघड होते. म्हणून औषधाचे नाव, मात्रा व तारीख असलेले कार्ड जवळ ठेवण्याचा सल्ला दिला जातो. गावपातळीवरील सातत्यपूर्ण पाठपुराव्याची परंपरा या जिल्ह्यात जुनी आहे. रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने गावातीलच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षित केले. या कार्यासाठी दोघांना १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरोघरी जाणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीला औषधानंतरची लक्षणे लवकर कळू शकतात, हे तत्त्व आजच्या आशा सेविकांच्या कामालाही लागू पडते.

तिसरी मर्यादा खर्चाची आहे. ही औषधे स्टॅटिनच्या गोळ्यांच्या तुलनेत अनेक पटींनी महाग आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण म्हणून दीर्घकाळ घ्यावयाच्या अशा औषधांचा भार बहुधा कुटुंबावरच पडतो. पैशांअभावी मात्रा चुकल्यास एलडीएल पुन्हा वाढते, आणि रुग्णाचा समज मात्र औषध लागू पडत नाही असा होतो.

## दुष्परिणामांची नोंद

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद औषधदक्षता कार्यक्रमांतर्गत होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू केला. २०११ पासून त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. डॉक्टर, परिचारिका व औषधविक्रेते यांच्याप्रमाणेच रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही नोंद करू शकतात. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. दुष्परिणाम औषधामुळेच झाला याची खात्री असणे नोंदीसाठी आवश्यक नसते. संशय पुरेसा असतो. नोंद करताना औषधाचे नाव, उत्पादन क्रमांक, इंजेक्शन घेतल्याची तारीख, लक्षणे सुरू झाल्याची वेळ आणि सोबत चालू असलेली इतर औषधे ही माहिती उपयोगी ठरते. लाखांत एखाद्याला होणारा दुष्परिणाम काही हजार रुग्णांच्या चाचणीत दिसून येत नाही. तो औषध बाजारात आल्यानंतरच्या अशा नोंदींतूनच उघड होतो.